दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

लातूरहून दिल्लीला निघाले तेव्हा चटणीच्या डब्याबरोबर मी माझं मतही घरूनच बांधून घेतलं होतं. चालकाविना चालणारा ट्रक आपल्या देशात चालायचा नाही, हे ते मत. ते बदलायचा माझा मुळीच विचार नव्हता.

मला तसं मत असण्याचा अधिकार आहे असं मी समजते. माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. सव्वीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतेय. शिकाऊ गाडीत डाव्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या पायाशी, आणखी एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याला वाटतं गाडी आपण चालवतोय, पण खरी गाडी त्या दुसऱ्या ब्रेकवर चाललेली असते. सव्वीस वर्षांत माझा पाय त्या ब्रेकच्या वर इतका अधांतरी राहिलाय की आता देवळात कीर्तन ऐकतानासुद्धा तो तसाच राहतो.

माझी भाची सायली गुरुग्रामच्या एका कंपनीत आहे. ही कंपनी स्वतः चालणारे मालवाहू ट्रक तयार करते. महिनाभरापूर्वी तिचा फोन आला. ट्रकची चाचणी मानेसरच्या कारखान्यांमधल्या एका ठरावीक रस्त्यावर सुरू होती, आणि परवानगी होती ती चालकाच्या जागेवर माणूस बसलेला असेल तरच. आता कंपनीला तो माणूस काढायचा होता. काढला तर चालेल का, हे सायलीने लिहून द्यायचं आणि खाली सही करायची, अशी पाळी आली होती.

"मावशी, तू ये ना," ती म्हणाली. "तू एवढ्या लोकांना पास-नापास केलंयस. मला एकाच गाडीला करायचंय, पण यार, डोकंच चालत नाहीये."

लहानपणापासून तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी तिकीट काढलं.

पुण्याला येऊन पकडलेली दिल्लीची गाडी मथुरेपर्यंत शहाण्यासारखी आली आणि पुढे धुक्यात शिरून बसली. जानेवारी होता. खिडकीबाहेर पांढऱ्या भिंतीशिवाय काही नव्हतं. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ दर अर्ध्या तासाने "बस, आ ही गए" म्हणत बूट घालायचे आणि पुन्हा काढायचे. त्यांनी बूट पाच वेळा घातले, त्यावरून किती उशीर झाला ते समजून घ्या.

स्टेशनवर सायली टोपी, मफलर आणि जाड कोट अशा अवतारात उभी होती, मी तिला नाकावरून ओळखलं. तिचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे ती दिल्लीतच वाढली. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकली, म्हणून मराठी टिकलं, पण मधली मधली पानं गळाल्यासारखं. तिला 'उंबरठा' म्हटलं तर समजतं, 'शिंकाळं' म्हटलं तर ती फोन काढते. बहीण आणि मेहुणे निवृत्त होऊन पुण्याला गेले, ही इथेच राहिली.

पोटात कावळे ओरडत होते, म्हणून आम्ही आधी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहात जेवायला गेलो. तिथली आमटी दिल्लीत राहून थोडी गोड झालीय, पण थालीपीठ अजून आपलं आहे. आमच्या टेबलावर शबाना नावाची परभणीची एक मुलगी बसली होती. ती मोठ्या सरकारी परीक्षेची तयारी करत होती. सायलीचं काम ऐकल्यावर तिचे डोळे चमकले. हा निबंधाचा विषय आहे, म्हणाली. यंत्र झोपत नाही, पीत नाही, चिडत नाही, ही एक बाजू. लाखो चालकांच्या पोटाचं काय, ही दुसरी. शेवटी संतुलित समारोप.

"आणि तुझं स्वतःचं मत?" मी विचारलं.

"मॅडम, त्याला मार्क नसतात," ती गंभीरपणे म्हणाली आणि दुसरं थालीपीठ मागवायला उठली.

गुरुग्रामला सायलीचं घर अठराव्या मजल्यावर आहे. खालचा रस्ता दिसत नाही, ढग दिसतात, आणि सायली म्हणते ते ढग नाहीत, धूर आहे. आसपासच्या इमारतींना परदेशी बागांची आणि राजवाड्यांची नावं आहेत, पण भाजीवाला त्यांना सेक्टरच्या आकड्यानेच ओळखतो. माझी बहीण सांगायची, ती नवी नवी दिल्लीत आली तेव्हा इकडे सहलीला यायचे, मोहरीची पिवळी शेतं बघायला. मग सरकारने दारं उघडली, परदेशी कंपन्या आल्या, कारखाने आले आणि शेतांना मजले फुटले.

बुधवारी सकाळी आम्ही मानेसरला निघालो. धुकं होतंच. कारखान्यांच्या बसगाड्या दिवे लावून रांगेत चालल्या होत्या, आत सगळे कामगार मफलरात मान घालून पेंगत होते. उतरलेले लोक चहा पिऊन शेअर रिक्षात कोंबले जात होते. आम्ही एका ढाब्यावर मूली का पराठा (मुळ्याचा पराठा) आणि बथुए का रायता (चाकवताची दह्यातली कोशिंबीर) खाल्लं. लोण्याचा गोळा मी परत केला, तर ढाबेवाल्याला माझ्या प्रकृतीची काळजी वाटली.

गोदामाच्या फाटकाशी धरमवीर भेटला. चाचणीच्या ट्रकमध्ये चालकाच्या जागेवर बसणारा माणूस तो हाच. पन्नाशीचा, उंच, कानाला घट्ट गुंडाळलेला मफलर. त्याने हात जोडून "राम-राम, ताई" म्हटलं. हरियाणात ताई म्हणजे मोठी काकू, हे मला सायलीने कानात सांगितलं. मी लगेच काकूच्या अधिकाराने त्याला चटणीचा डबा दिला. त्याने झाकण उघडून वास घेतला, चिमूटभर खाल्ली आणि डबा आपल्या सीटमागे जपून ठेवला.

त्याची सगळी हकिगत चहा संपायच्या आत समजली. गोदाम उभं आहे तिथेच त्याच्या गावची शेतं होती. जमीन कारखान्यांकडे गेली तेव्हा भावांनी मिळालेल्या पैशातून ट्रक घेतला आणि धरमवीर शेतकऱ्याचा चालक झाला. कलकत्ता, गुवाहाटी, चेन्नई, सगळीकडे माल नेला. मग एका पहाटे नागपूरच्या अलीकडे त्याचा डोळा लागला. पापणी मिटून उघडेपर्यंतच, पण शेजारी बसलेल्या जोडीदाराचा पाय गेला. त्यानंतर त्याने लांबचे फेरे सोडले.

तुझी जागा घ्यायला निघालेल्या या गाडीचा तुला राग येत नाही का, असं मी विचारल्यावर त्याने बॉनेटवर हात ठेवला. "ताई, या सोवै कोन्या," तो म्हणाला. (ही झोपत नाही.) तेवढ्या एका गुणासाठी तो तिला बाकीचं सगळं माफ करायला तयार होता.

माझ्या बांधून आणलेल्या मताची गाठ इथे पहिल्यांदा जरा सैल झाली.

ट्रक लहान होता, मागे गाड्यांच्या आरशांचे खोके. उजवीकडे धरमवीर, मध्ये सायली मांडीवर लॅपटॉप घेऊन, डावीकडे मी. पाहुणी म्हणून बसायचा कागद सायलीने आधीच करून ठेवला होता. धरमवीरने एक बटण दाबलं, हात मांडीवर ठेवले आणि स्टिअरिंग आपलं आपण वळलं. मी दाराची कडी घट्ट धरली. बघते तर त्याचा उजवा पाय ब्रेकच्या वर, बोटभर अंतरावर, अधांतरी. तो पाय मी कुठेही ओळखला असता. हा माणूस चालक नव्हताच. हा माझ्या धंद्यातला होता, शिकवणारा.

आणि शिष्या हुशार होती, खोटं कशाला बोलू. समोरच्या पडद्यावर तिला दिसणारी प्रत्येक गोष्ट रंगीत चौकटीत येत होती, माणूस पिवळा, वाहन निळं. उलट्या बाजूने येणारा स्कूटरवाला तिने माझ्याआधी पाहिला. गायीसाठी थांबली. फोनवर बोलत रस्ता ओलांडणाऱ्या एका साहेबाला तिने जाऊ दिलं आणि शिवीसुद्धा दिली नाही. माझा पाय मात्र खालच्या पत्र्यावर नसलेला ब्रेक दाबत होता, टाच दुखायला लागली. जित्याची खोड. दोन फेऱ्या झाल्या तोवर मी मनातल्या मनात तिला पास करून टाकलं होतं.

तिसऱ्या फेरीत, कारखान्याच्या लांब भिंतीच्या वळणावर, रस्त्यात कडुनिंबाची एक हिरवी फांदी पडलेली दिसली. तिच्या शेजारी दोन दगड. पडद्यावर त्यांना चौकट आलीच नाही, फक्त करडा रंग आला. ट्रक किंचित बाजूला होऊन त्याच वेगाने पुढे निघाला.

धरमवीरचा पाय खाली गेला. आम्ही तिघं पुढे फेकलो गेलो, माझ्या हातातला थर्मास काचेवर आपटला आणि सगळा चहा सायलीच्या लॅपटॉपवर. गाडी थांबल्यावर धुक्यातून हळूहळू एक आकार दिसायला लागला. बंद पडलेला ट्रक, दिवे नाहीत, मागचं चाक काढून जॅकवर चढवलेलं. आणि त्याच्या खालून दोन पाय बाहेर आलेले, एका पायात चप्पल, एक अनवाणी.

धरमवीरने हँडब्रेक ओढला. मग ते दोन पाय हलले आणि त्यांच्या मालकाने खालूनच पान्हा मागितला.

आपल्या रस्त्यांवर ट्रक बंद पडला की चालक काय करतो, हे मला सांगायची गरज नाही. जवळच्या झाडाची फांदी तोडतो, लांबवर मागे टाकतो, दोन दगड ठेवतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. हे लोक ते रस्त्यावर लिहून ठेवतात. कुठल्या पुस्तकात हे नाही. आमच्याकडच्या शिकाऊ पोरींनासुद्धा मी हे कधी शिकवलं नव्हतं, कारण हे शिकवावं लागतं हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सायली पांढरी पडली होती. लॅपटॉप पुसत ती मला सांगायला लागली. गेल्या पानगळीत ट्रक प्रत्येक फांदीला, प्रत्येक पिशवीला थांबायचा. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव खायचे, कंपनीत सगळे हसायचे. म्हणून जमिनीलगतचा झाडपाला कचरा समजून सोडून द्यायचा, हे तिनेच गाडीला शिकवलं होतं. स्वतः तिने गुरुग्रामचे रस्ते पाहिले ते टॅक्सीच्या मागच्या सीटवरून. फांदीचा अर्थ तिला माहीत नव्हता.

"मावशी, आपली गाडी आणखी पुढे गेल्यावर तो बंद ट्रक तिला दिसला असता. कदाचित थांबलीही असती."

"माझ्या क्लासमध्ये 'कदाचित'ला नापास म्हणतात," मी म्हणाले. लगेच वाईट वाटलं, कारण कोरडा झालेला लॅपटॉप ती अजून पुसतच होती. मी तिचे हात माझ्या हातात धरून ठेवले.

धरमवीर तोवर पान्हा देऊन, चाक बसवायला मदत करून मोकळा झाला होता. तो ट्रक निघून गेल्यावर हा पाठीमागे चालत गेला, दगड पायाने कडेला लोटले, फांदी उचलून नाल्यापलीकडे फेकली. मी म्हटलं, राहू दे की, कोणीतरी काढेल. तो हात झटकत म्हणाला, "ताई, रस्ते पै झूठ नहीं छोड्या करते." (रस्त्यावर खोटं सोडून जायचं नसतं.) पुढे ट्रक नसताना फांदी तशीच राहिली, तर उद्या खऱ्या फांदीवर कोण विश्वास ठेवील, हा त्याचा हिशेब.

मग सायलीने वही काढली आणि तो एकेक खूण सांगत गेला. दगड एका रेषेत असले तर काय, काठीला लाल कापड असलं तर काय, रिकामा डबा उलटा ठेवला असला तर काय. ती भराभर लिहून घेत होती. मला राहवलं नाही. ती फोन करायला बाजूला गेल्यावर मी त्याला विचारलं, "भैया, तू हे सगळं शिकवतोयस, पण ही शिकली की तुझी जागा जाणार, समजतंय ना? माझा विद्यार्थी पास झाला की मला दुसरा येतो. तुला दुसरा येणार नाही."

त्याने विचार केला, असं नाही. उत्तर त्याच्याकडे तयारच असावं.

"ताई, उस ट्रक के नीचे जो लेटा था, वो भी ड्राइवर ही था."

मी लोकांना गाडी शिकवून पोट भरते. या माणसाने मला एका वाक्यात गप्प केलं आणि मला ते आवडलं.

सायलीच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. चूक सापडली, ती दुरुस्त कर, आणि शुक्रवारी सही कर. चूक दुरुस्त व्हायला दोन दिवस पुरतील, हे खरंच होतं. गुरुवारी मी अठराव्या मजल्यावर एकटी बसून गजक (तिळगुळाची कुरकुरीत वडी) खाल्ली आणि सायली घरी आली तेव्हा तिला डाळ-भात भरवला. ती घास तोंडात धरून विचार करत होती. सही केली तर धरमवीर आणि त्याच्यासारखे बाकीचे घरी जातील. नाही केली तर तिला कारण द्यावं लागेल, आणि कीव येते हे कारण होत नाही. "दुरुस्त झाल्यावर मी तिला कशावर अडवू?" ती म्हणाली. मी पुढचा घास कालवला.

शुक्रवारी सकाळी पुन्हा धुकं, पुन्हा आम्ही तिघं. थर्मास या वेळी मी पायात धरला होता. पहिल्या फेरीत सायलीने सांगून ठेवलेल्या एकाने रस्त्यात मुद्दाम फांदी टाकली. ट्रकने दुरून ओळखली, वेग कमी केला, दिवे लुकलुकवले आणि थांबला. पडद्यावर लाल चौकट. सायलीने माझा हात दाबला. धरमवीर हसला, पोराचा निकाल लागल्यावर बाप हसतो तसा, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या फेरीत, भिंतीच्या त्याच वळणावर, आणखी एक फांदी होती. ही आमची नव्हती. ट्रक थांबला. आम्ही पुढे बघितलं. धुकं जरा विरळ झालं होतं, रस्ता लांबपर्यंत रिकामा होता. कोणीतरी पहाटे बंद पडला असेल, दुरुस्त करून गेला असेल आणि फांदी तशीच टाकून गेला असेल.

चाचणीचा नियम असा, की धोका नसेल तर माणसाने कशाला हात लावायचा नाही. आम्ही बसून राहिलो. ट्रक दिवे लुकलुकवत उभा. फांदी आहे म्हणजे पुढे माणूस असणार, हे तिला शिकवलेलं होतं आणि ती शिकवलेलं पाळत होती. मागे एक टेम्पो आला, मग दोन ट्रक, मग कामगारांची बस. हॉर्न सुरू झाले. बसवाल्याचा धीर सुटला आणि त्याने बस उलट्या बाजूला घातली. समोरून येणारी कार करकचून थांबली, दोघांच्या आरशांत वीतभर अंतर राहिलं. माझा पाय पत्र्यावर जाऊन आदळला.

"मॅडम," धरमवीर हलकेच म्हणाला, "उतर जाऊँ?"

सायली त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने होकाराची मान हलवली.

तो उतरला. आधी पुढे वळणापर्यंत चालत जाऊन खात्री केली की खरंच कोणी नाही. येताना फांदी उचलली, कडेला फेकली, दगड लोटले, बसवाल्याला हाताने मागे घेतलं, कारला वाट करून दिली. सगळं मिळून दोन-चार मिनिटं. वर येऊन बसला, तळहाताला लागलेला चीक पँटला पुसला, आणि पाय परत ब्रेकच्या वर अधांतरी ठेवला. ट्रक शहाण्यासारखा निघाला.

सायलीने अहवाल गाडीतच लिहिला. मला वाचून दाखवला तेव्हा त्यात कीव कुठेच नव्हती. गाडी थांबायला शिकली आहे, असं लिहिलं होतं. पण या रस्त्यावर थांबणं हे अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं काम उतरून करायचं असतं आणि ते करणारं या वाहनात दुसरं कोणी नाही. माणूस काढण्यास मंजुरी नाही. खाली तिने मराठीत सही केली. ती नेहमी इंग्रजीत करते.

निघायच्या दिवशी धरमवीर रिकामा डबा परत द्यायला स्टेशनवर आला. रिकामा नव्हता, त्यात घरचं तूप होतं. साहेब रागावले का, असं मी सायलीला विचारलं. रागावले, पण वर्षभर माणूस ठेवायचं ठरलं, म्हणाली. आणि आता फांदी उचलणारा यांत्रिक हात बसवता येईल का, यावर बैठक आहे. मी धरमवीरकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, हात को भी तो कोई सिखाएगा.

परत येताना गाडी वेळेवर होती, म्हणून सांगण्यासारखं काही घडलं नाही. माझं बांधून नेलेलं मत मी शोधलं, पण ते जसंच्या तसं राहिलं नव्हतं. ही यंत्रं येणार, आणि कितीतरी ठिकाणी ती आमच्याहून बरी चालवतील, हे आता मला मान्य आहे. नागपूरजवळच्या त्या पहाटे ती असती तर एका माणसाचा पाय वाचला असता. पण सव्वीस वर्षं मी लोकांना गाडी चालवायला आणि थांबवायला शिकवलं. गाडीतून उतरायला मी कोणालाच शिकवलं नव्हतं.

आता शेवटच्या धड्याला मी बार्शी रोडच्या एका शांत फाट्यावर आधीच जाऊन फांदी टाकून येते. विद्यार्थ्याला काही सांगत नाही. बहुतेक जण बाजूने सफाईने गाडी काढतात आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघतात. त्यांना मी आणखी आठवडाभर बोलावते, कारण सांगत नाही, मग ते माझ्या नावाने बोटं मोडतात.

परवा बँकेतली एक मुलगी होती, गिअर टाकताना अजून जीभ चावणारी. तिने फांदी पाहिली, गाडी कडेला घेतली, दिवे लावले आणि मला "एक मिनिट हं, मॅडम" म्हणून उतरली. पुढे वळणापर्यंत चालत जाऊन बघून आली. मग फांदी ओढत नेऊन काट्यात टाकली, हात झटकले आणि परत येऊन पट्टा लावला.

मी दुसऱ्या ब्रेकवरचा पाय काढून घेतला.